वरच्या हेलिपॅडवरचा वारा

कुंभकोणम,
शनिवार, दुपार

प्रिय कीर्ति,

तुझा अर्ज माझ्याबरोबर इथवर आलाय. ऑफिसचे कागद घरी न्यायचे नसतात हे तुम्हा सगळ्यांना मीच सांगत असते, पण रजेवर निघायच्या दिवशी तो खणातून काढून वाचला आणि परत आत ठेवायला हात होईना. आता तो माझ्या बॅगेत, अम्माने इस्त्री करून ठेवलेल्या दोन साड्यांच्या मध्ये आहे. पुढच्या सोमवारी मी परत आले की त्यावर मला माझं मत लिहायचं होतं: फ्लाइट लेफ्टनंट कीर्ति यांना उड्डाण सोडून जमिनीवरच्या शाखेत बदली द्यावी की देऊ नये. मी ‘द्यावी’ लिहिलं की कागद वर जाणार, आणि एकदा गेला की कॉकपिटकडे परतीची वाट नाही. तू अवघ्या तीन ओळी लिहिल्यास. त्यांतली मधली मला पाठ झाली आहे: ‘हवामानाच्या माझ्या अंदाजावर माझाच विश्वास उरलेला नाही आणि मागे बसलेल्या माणसांचे जीव मी त्या अंदाजावर सोपवू इच्छित नाही.’ ही ओळ वाचून कोणीही म्हणेल, मुलगी प्रामाणिक आहे, जाऊ द्या तिला. मीही तसं म्हणू शकले असते. सही करायला दहा सेकंद लागतात.

पत्र मराठीत आलेलं पाहून तुला आश्चर्य वाटेल. तंजावरकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्या घरात मराठी नुसती बोलायची भाषा आहे. लिहायची वेळ आलीच तर अप्पा ती तमिळ अक्षरांत लिहितात. मला देवनागरी आली ती हिंदीमुळे आणि तुम्ही मिरजेकडे बोलता ती मराठी आली तुझ्यामुळे. तुला आठवतं, मी फोनवर अम्माला ‘अस्के जेवले का’ असं विचारत होते आणि तू मेसच्या दारात हसत उभी होतीस? ‘अस्के’ म्हणजे सगळे, हे सांगितल्यावर तू म्हणालीस, अक्का, तुम्ही बोललात की वाटतं एखादी जुनी बखर टेलिफोन करतेय. तेव्हापासून ड्यूटीवर मी ‘मॅम’ आणि ड्यूटी संपली की ‘अक्का’ झाले. मार्चच्या अठरा तारखेपासून मात्र तू मला अक्का म्हटलेलं नाहीस. तू रागावली नव्हतीस, तेवढं मला कळत होतं. तुला स्वतःची लाज वाटत होती आणि ती मला दिसत होती. दिसत असूनही मी गप्प राहिले.

रजेचे सहा दिवस झाले आणि मला एका जागी बसता येत नाही. सकाळी उठून चक्रपाणी देवळाच्या गल्लीतून नदीपर्यंत जाते. नदीत सध्या वाळूच आहे, पाणी जूनमध्ये सोडतील. तिथून परत येते, कॉफी पिते, पुन्हा दारात जाऊन उभी राहते. अम्मा म्हणते, बस गं, या घरात धावपट्टी नाही. कुठून आवाज आला की मान वर जाते, आणि तो आवाज बहुतेक शेजारच्या मिक्सरचा असतो. इकडे अप्पांच्या फोनचं वाजणं थांबत नाही. ते लग्नामुंजींच्या स्वयंपाकाची कामं घेतात हे तुला माहीत आहे, पण गेल्या दोन-तीन वर्षांत त्यांचं नाव इतकं झालंय की त्यांच्याकडे आता चौदा माणसं आहेत. केळीची पानं किती, गॅसच्या टाक्या कुणी आणायच्या, कुणाची बायको आजारी, कोण आडुतुरैच्या लग्नाला जाणार नाही म्हणतोय कारण तिथे त्याची सासुरवाडी आहे आणि मेव्हण्याशी बोलणं नाही. अप्पा आठवीपर्यंत शिकलेले. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. मी ऑफिसर झाले तेव्हा ते सगळ्यांना सांगायचे की माझी मुलगी आकाशात काम करते, माझ्यासारखी माणसं हाकत नाही. आता त्यांना काय सांगू? माझ्याकडेही चौदाच माणसं आहेत.

मी फ्लाइट कमांडर झाले त्या दिवशी वहीत काय लिहिलं ते तुला कधी दाखवलं नाही. कॉलेजपासून मला वहीत निश्चय लिहून ठेवायची सवय आहे. लिहिलं होतं की माझ्या युनिटमध्ये सर्वांत नवीन पायलटसुद्धा मला ‘तुम्ही चुकताय’ असं तोंडावर म्हणू शकेल. आणि लिहिलं होतं की या खुर्चीवरून जाण्याआधी मी निदान एका मुलीला कॅप्टन करीन. ती मुलगी तू होतीस हे लिहिलं नव्हतं, पण माझ्या मनात तूच होतीस. मला खरंच वाटायचं, कीर्ति, की आमच्यासारख्या घरातली बाई त्या खुर्चीवर बसली की खुर्चीच बदलेल. पण खुर्चीने पहिल्या महिन्यात मला काय दिलं? वार्षिक तपासणीची बावीस रजिस्टरं, चौदा जणांचे गोपनीय अहवाल, क्वार्टरच्या गळक्या छताची तक्रार, एका कॉर्पोरलच्या आईच्या ऑपरेशनसाठी रजा, शाळेच्या बसवरून दोन बायकांचं भांडण. यातलं एकही काम खोटं नव्हतं. त्या कॉर्पोरलची आई बरी झाल्यावर त्याने मला फोन दिला आणि त्या बाई रडल्या, तेव्हा वाटलं होतं की हेही काही कमी नाही. पण त्याच संध्याकाळी फळ्यावर प्रत्येकाच्या नावापुढे शेवटच्या उड्डाणाची तारीख लिहिताना माझ्या नावापुढे आले आणि थांबले. रोज सकाळी मी तुम्हा सगळ्यांच्या उड्डाणांवर सही करायची आणि हँगरपाशी उभं राहून पंखे फिरताना बघायचं. तुम्ही परत यायचात तेव्हा तुमच्या कपड्यांना इंधनाचा वास यायचा. माझ्या कपड्यांना टोनरचा यायचा. विष्णुवर्धन सरांना एकदा विचारलं, सर, तुम्ही कसं जमवलंत? ते म्हणाले, जमत नाही, सवय होते. आपले कमांडिंग ऑफिसर असून ते आठवड्यातून दोनदा उडतात, मग ही कसली सवय, असं मनात आलं. आता वाटतं, ते खरं तेच सांगत होते.

अठरा मार्चला मला न उडून एकोणतीस दिवस झाले होते. ही संख्या मी कुणाला सांगितली नव्हती, पण सकाळी दात घासतानाही ती मनात असायची. त्या दिवशी तुझी चाचणी होती. वरच्या हेलिपॅडवर कॅप्टनच्या जागेवरून हेलिकॉप्टर एकदा नेऊन-आणलंस की झालं, महिनाअखेरीला तुझं नाव बोर्डाकडे जाणार होतं. मी शेजारी बसायचं, हात मांडीवर ठेवायचे आणि गरज पडली तरच तोंड उघडायचं. वर द्यायला रॉकेल, बटाट्याची पोती आणि टपाल होतं, आणि परतताना बहिणीच्या लग्नाला निघालेला एक जवान आणायचा होता. तू पहाटेच येऊन फळ्याशी उभी होतीस. सकाळचं मोजमाप, खिंडीतल्या ढगांची उंची, आदल्या तीन दिवसांचे आकडे असं सगळं मांडून तू म्हणालीस, नऊ वाजता वर वारा अकरा नॉटच्या आसपास असेल. चाचणीसाठी मर्यादा वीसची. नऊला दहा मिनिटं असताना वरच्या चौकीचा फोन आला तो मी घेतला. फोन ठेवून मी म्हणाले, वर वारा वाढलाय, आज चाचणी नको, मी नेते, तू को-पायलट म्हणून बस. तू म्हणालीस, “मॅम, मला नाही वाटत तो वाढेल.” माझ्या वहीतलं वाक्य खरं करणारी तू पहिलीच. मी हेल्मेट उचललं आणि निघाले.

ते उड्डाण कसं झालं हे तुला मी काय सांगणार, तू शेजारीच होतीस. पण माझ्या बाजूने कसं झालं ते तुला माहीत नाही. चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा एकोणतीस दिवस छातीवर ठेवलेलं काहीतरी कुणीतरी उचलून घेतलं. खिंडीत शिरताना डावीकडच्या कड्यावर ऊन पडलं होतं आणि मी तुला ते दाखवलंही होतं. मी गुणगुणत होते. तू समोर पाहत होतीस. वर पोचलो तेव्हा हेलिपॅडवरची वारा दाखवणारी कापडी नळी जेमतेम हलत होती. तू ती पाहिलीस, मग माझ्याकडे पाहिलंस, आणि मी म्हणाले, बघ, कसा लहरी असतो, आला तसा पडला. परतताना तू हळूच म्हणालीस, मॅम, मला वरचं हवामान कळतच नाही. तो लग्नाला निघालेला जवान मागे हसत बसला होता. मला बोलायला वीस मिनिटं होती. मी बोलले नाही. त्यानंतर चार दिवस खरोखरच ढग उतरले, तुझी चाचणी राहिली, महिना संपला. चाचणी का झाली नाही याचं कारण तुझ्या फाइलमध्ये लिहावं लागतं. मी लिहिलं: ‘हवामानाचा अंदाज अद्याप कॅप्टनच्या दर्जाचा नाही. आणखी अनुभवाची गरज.’ ती ओळ तुला वाचायला दिली, तू खाली सही केलीस आणि थँक यू मॅम म्हणालीस. दहा दिवसांनी तुझा अर्ज आला.

आता परवाचं सांगते. गुरुवारी अप्पांचं तिरुक्करुगावूरला काम होतं. तिथे गर्भरक्षांबिकेचं देऊळ आहे, लांबलांबून बायका येतात. एका घरची डोहाळजेवणाची पंगत होती, तीनशे पानं. घरात बसून अम्माला त्रास देण्यापेक्षा मी अप्पांबरोबर व्हॅनमध्ये चढले. व्हॅनमध्ये वैद्यनाथ होता. हा अठरा वर्षं अप्पांच्या हाताखाली आहे, मी शाळेत होते तेव्हा मला सायकलवरून क्लासला सोडायचा. त्याने मला भोपळा चिरायला दिला आणि सगळ्यांना सांगत सुटला की बघा, आकाशातली बाई आज जमिनीवरचा भोपळा चिरतेय, फोडी सारख्या झाल्या नाहीत तर सरकारला कळवा. तो त्या दिवशी फार खुशीत होता आणि त्याला कारण होतं. आमच्याकडे या धंद्यात एक रीत आहे. मुख्य आचारी एखाद्या माणसाला तयार समजला की एका मोठ्या कामाचं सांबार पूर्ण त्याच्या हाती देतो, मध्ये पळीसुद्धा घालत नाही. पंगती उठल्या की यजमान स्वयंपाकाच्या जागी येऊन विचारतो, आजचं सांबार कुणाचं? मुख्य आचारी त्या माणसाला पुढे करतो आणि यजमान त्याच्या खांद्यावर नवं उपरणं घालतो. त्या दिवसापासून तो स्वतःच्या नावावर कामं घेऊ शकतो. अप्पांनी गुरुवारचं सांबार वैद्यनाथला कबूल केलं होतं. त्याने आदल्या दिवशी केस कापून घेतले होते आणि आईला बसने बोलावून पंगतीत बसवायचं ठरवलं होतं.

सकाळभर अप्पा फोनवर होते. पानांचा टेम्पो पापनाशमला अडकला होता, यजमानांच्या मेव्हण्याला खीर गुळाची हवी होती, तिरुभुवनम्‌हून पुढच्या महिन्याच्या लग्नाची पार्टी याच वेळी बोलायला आली होती. फोन कानाला लावून ते फेऱ्या मारत होते, आणि प्रत्येक फेरी त्या मोठ्या भांड्यापाशी थोडी अधिक रेंगाळत होती. वैद्यनाथने डाळ घोटून घातली, चिंचेचं पाणी घातलं, आणि तेवढ्यात अप्पांनी फोन बंद करून कनवटीला लावला. म्हणाले, लाकूड ओलं आहे, आच धरत नाहीये, आजच्या दिवशी धोका नको, दे इकडे. आणि पळी घेतली. मी चुलीपासून चार हातांवर होते, कीर्ति. लाकूड तडतडत होतं. वैद्यनाथने हात पुसले आणि तो काकड्यांच्या टोपलीपाशी जाऊन बसला. आणि अप्पा! पासष्ट वर्षांचा माणूस, गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या पायऱ्या चढत नाही, तो त्या वाफेत वाकून ढवळत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मला तिथे उभं राहवेना. ते गुणगुणत होते. मी बाहेर जाऊन पाण्याच्या ड्रमपाशी उभी राहिले. यजमान पंगतीनंतर आले, विचारलं, अप्पा म्हणाले माझंच, आणि उपरणं त्यांच्याच खांद्यावर पडलं. वैद्यनाथची आई पान सोडून उठली होती, तिने ते दारातून पाहिलं. मुलाला शोधत तिची नजर फिरली, पण तो मागे भांडी मोजत होता.

घरी आल्यावर अप्पा पाय धुवत होते तेव्हा मी म्हणाले, अप्पा, लाकूड ओलं नव्हतं. ते पाय चोळत राहिले. मग म्हणाले, “ठाऊक आहे गं. तीन महिने नुसता फोन धरलाय, हात शिवशिवले.” मी विचारलं, मग वैद्यनाथला तसं सांगाल का. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी इतकी वर्षं शाळेत फुकट गेले. “त्याला काय सांगायचं? लाकूड कोरडं होतं हे त्याला ठाऊक नाही असं वाटतं तुला? अठरा वर्षं चूल पेटवतो तो.” आणि आत गेले. पण काल सकाळी ते वैद्यनाथच्या घरी गेले होते हे मला अम्माकडून कळलं. काय बोलणं झालं ते तिलाही माहीत नाही. वैशाखातलं पहिलं काम त्याच्या नावावर आहे एवढंच ती म्हणाली.

अप्पा वैद्यनाथकडे जाऊन आले, पण त्यांनी पाय धुताना म्हटलेलं दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. वैद्यनाथला ठाऊक होतं. त्याच्या हातून एक दिवस गेला, एक उपरणं गेलं, आईसमोर मान खाली गेली. हे थोडं नाही. पण चूल त्याच्या डोळ्यांसमोर होती. आपल्या हाताला काही कळत नाही असं त्याला क्षणभरही वाटलं नसेल. अप्पांवर चिडून तो झोपला असेल आणि सकाळी पुन्हा चूल तशीच पेटवली असेल. तुझी चूल मात्र फोनच्या पलीकडे होती आणि फोन माझ्या कानाला होता.

म्हणून ते आता लिहिते. फोनवर चौकीने सांगितलं, बारा नॉट. पहाटे दहा होता, फोनच्या वेळी बारा झाला. मी ‘वाढलाय’ म्हणाले. इतके दिवस स्वतःला मी हेच सांगत आलेय की शब्द खोटा नव्हता. तू अकरा म्हणाली होतीस. एका नॉटने चुकलीस. माझ्या बारा वर्षांच्या नोकरीत त्या खिंडीसाठी इतका जवळचा अंदाज मी स्वतः दोन-तीनदाच बांधला असेन. तुझी चाचणी मी थांबवली कारण मला उडायचं होतं. दुसरं काहीही कारण नव्हतं. आणि तसं लिहिता येत नव्हतं म्हणून फाइलमध्ये तुझ्याबद्दल लिहिलं.

काल मी एक सोपा कागद तयार केला होता. मेमध्ये तुझी पुन्हा चाचणी घ्यायची आणि फाइलमध्ये लिहायचं, ‘आता लक्षणीय सुधारणा झाली आहे.’ तुझं काम झालं असतं आणि माझंही काही बिघडलं नसतं. ते वाक्य तीनदा वाचलं. सुधारणा झाली म्हटलं की आधी उणीव होती असं कायमचं ठरतं, आणि तू जन्मभर प्रत्येक ढगाकडे त्या उणिवेतून पाहिलं असतंस. तो कागद फाडला. आज सकाळी विष्णुवर्धन सरांना मेल केली आणि मग फोन केला. चौकीच्या नोंदवहीत त्या वेळचा आकडा आहे, तो मागवा असंही सांगितलं. तेही त्याच सोप्या वाटेवर आले. मेमध्ये एक चाचणी घेऊ, एक ओळ घालू, लेखी कशाला? मी म्हणाले, सर, तिच्याबद्दलचं लेखी आहे. त्यावर त्यांनी मला अधिकाऱ्यासारखं सांगितलं की चौकशी होईल, खुर्ची जाईल असं धर, आणि ती संपेपर्यंत तुझं उड्डाण बंद. खुर्ची जाईल हे ऐकून मला आत कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं, हेही तुझ्यापासून लपवत नाही. उड्डाण बंद हे ऐकल्यावर मात्र मी परसात जाऊन विहिरीच्या काठावर बसले. किती महिने, ते सरांनाही सांगता आलं नाही.

तुझ्याकडून माफी मिळावी म्हणून हे लिहिलेलं नाही. चौकशीत सगळं बाहेर येईलच, पण त्याला दोन महिने लागतील, आणि तुझा अर्ज त्याच्या आधी वर जाऊ शकतो. चौकशीचा कागद वाचून तुला कळण्याआधी माझ्या अक्षरात कळावं, एवढ्यासाठी लिहितेय. स्पीडपोस्टची खिडकी चारला बंद होते, अप्पांची स्कूटर घेऊन निघतेच आहे. सरांना लिहिलेल्या मेलची प्रत आणि तुझा अर्ज दोन्ही या पाकिटात आहेत. अर्जावर मी काही लिहिलेलं नाही, आणि आता माझं मत मागितलंही जाणार नाही, सर स्वतः बघतील. तुला जमिनीवर यायचंच असेल, कंटाळा आला असेल, घरी लग्नाचं चाललं असेल, माझ्यासारख्यांच्या हाताखाली उडायचं नसेल, तर अर्ज सरांकडे जरूर दे, मी आड येणार नाही. पण ती मधली ओळ खोड. तिथे दुसरं कुठलंही कारण लिही, चालेल. ती ओळ तुझी नाही, मी लिहून तुझ्या हाती दिलेली आहे.

तुझीच,
लावण्या